तुम्ही उभे होतात ती जागा

हिमनद्यांवर जाणाऱ्या सर्व गिर्यारोहक, ट्रेकर आणि हौशी छायाचित्रकारांना, तसंच त्यांच्या संस्थांच्या कार्यकारिणींना,

स. न. वि. वि.

मागच्या वर्षी माझ्याकडे पत्र्याचा एक डबा आला. आत एका जुन्या मोहिमेच्या स्लाइड्स होत्या, मोजून एकशे चौतीस. काढणारे गृहस्थ आता हयात नाहीत. घर आवरताना मुलांनी डबा फेकण्याआधी कुणाला तरी विचारलं आणि तो फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचला. हिमनद्यांचे जुने फोटो घ्यायचे, ते नेमके कुठून काढले होते ती जागा हुडकायची आणि तिथे उभं राहून तोच फोटो पुन्हा काढायचा, हा माझा गेल्या काही वर्षांचा उद्योग. त्यामुळे डबा उघडताना माझी काय अवस्था झाली असेल ते सांगायला नको.

स्लाइडच्या चौकटींवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : ‘सकाळ’, ‘कॅम्प २ वरून’, ‘बाळ्या चहा करताना’, ‘अप्रतिम!’. वर्ष एकीवरही नाही. हिमनदीचं नाव नाही. ‘अप्रतिम!’ मात्र खरोखर अप्रतिम होती. बर्फाचा अख्खा पट्टा, आणि त्यावरच्या भेगा एकेक करून मोजाव्यात इतक्या स्वच्छ. मागच्या शिखरांवरून हिमनदी कोणती ते मी ओळखलं. साल अजून लागलेलं नाही. कपडे, तंबू, चौकटीचा पुठ्ठा अशा खाणाखुणांवरून अंदाज बांधत मी एका दशकापर्यंत आलो आणि तिथेच अडकलो. बर्फाची पातळी दर वर्षी किती खाली गेली हे काढायचं तर भागाकारात वर्षं लागतात. ती नसतील तर ‘अप्रतिम!’ भिंतीवर टांगायची, बास.

तुमच्या फोनमध्ये आज त्या गृहस्थांच्या कितीतरी पट फोटो आहेत, आणि पन्नास वर्षांनी त्यांचीही हीच गत होईल अशी मला भीती वाटते. म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच आहे, की हिमनदीच्या फोटोत फोटोपेक्षा तो काढणारा उभा होता ती जागा मोलाची असते. ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणालाच माहीत नसते.

आता हे जरा फोड करून सांगतो.

१३ ऑगस्ट १९४१ रोजी विल्यम फील्ड या अमेरिकन हिमनदी-अभ्यासकानं अलास्कातल्या म्युइर हिमनदीचा एक फोटो काढला. दरी बर्फानं काठोकाठ भरलेली. ३१ ऑगस्ट २००४ रोजी अमेरिकन भूवैज्ञानिक ब्रूस मोल्निया त्याच ठिकाणी उभे राहिले. त्यांच्या फोटोत पाणी आहे, उतारांवर हिरवळ आहे आणि म्युइर हिमनदी कुठेच नाही. ती चौकटीच्या बाहेर निघून गेली आहे. मधल्या ६३ वर्षांत तिचं मुख, म्हणजे खालचं टोक, सुमारे १२ किलोमीटर मागे सरकलं होतं आणि बर्फाची जाडी ८०० मीटरहून अधिक घटली होती. ही जोडी तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असेल. बघणारा बर्फ बघतो. मी दोन्ही फोटोंतली डोंगरांची कडा बघतो, कारण ती जुळली नसती तर बर्फाबद्दल काहीच बोलता आलं नसतं. तारखाही बघा. दोन्ही ऑगस्टच्या. फील्ड यांनी आपली जागा नोंदवून ठेवली नसती, तर दुसरा फोटो म्हणजे त्या बाजूच्या कुठल्यातरी खाडीचं एक सुंदर दृश्य झालं असतं.

‘जागा जुळवणं’ म्हणजे काय, हे बरेच जण समजतात त्याहून कडक प्रकरण आहे. ‘साधारण इथूनच’ हे शब्द मी इतक्यांदा ऐकलेत की आता हसू येतं. साधा हिशेब मांडतो. समजा कॅमेऱ्याला २४ मिलिमीटरची लेन्स आहे आणि सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, आणि फोटो आडवा सहा हजार पिक्सेलचा. तुम्ही मूळ जागेपासून एक मीटर डावीकडे उभे राहिलात. वीस मीटरवरचा मोठा धोंडा फोटोत दोनशे पिक्सेल सरकेल. अर्ध्या किलोमीटरवरचा कातळ आठ पिक्सेल. पाच किलोमीटरवरचं शिखर एक पिक्सेलही हलणार नाही. म्हणून नुसती शिखरं जुळली यावर समाधान मानणारा माणूस मूळ जागेपासून पन्नास मीटर दूर असू शकतो, आणि त्याला पत्ताही लागत नाही.

शोधायचं ते असं. आधी दूरची कडा जुळवून साधारण टापू पकडायचा. मग मधल्या अंतरावरची धार मागच्या सुळक्याला नेमकी कुठे छेदते ते जुन्या छापावर बघायचं आणि तो छेद जुळेपर्यंत डावी-उजवीकडे चालायचं. मग वर-खाली. शेवटी जवळचे दगड, ते अजून जागेवर असतील तर. हातात जुन्या फोटोची छापील प्रत, नजर एकदा कागदावर, एकदा समोर, आणि पायाखाली सुटे धोंडे. एकेका फोटोला माझी अख्खी दुपार गेली आहे. पण अचानक सगळं एकमेकांत बसतं, धार सुळक्याला जिथे छेदायची तिथेच छेदते, आणि कळतं की तो माणूस इथेच, या दगडावर पाय टेकून उभा होता. तेवढ्या एका क्षणासाठी मी पुन्हा पुन्हा जातो, हे कबूल करायला हरकत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘त्यांचा कॅमेरा वेगळा, लेन्स वेगळी, मग आमचा फोटो कसा जुळणार?’ जुळतो. जवळची आणि दूरची वस्तू एकमेकींच्या पुढे-मागे कशा दिसतात हे लेन्सवर अवलंबून नसतं, फक्त डोळा कुठे आहे यावर असतं. लेन्स थोडी रुंद असली तर फोटो कापून घेता येतो. चुकीच्या जागेवरून काढलेला फोटो कसाही कापला तरी दुरुस्त होत नाही.

ही युक्ती हवेतसुद्धा चालते. स्विस वैमानिक वॉल्टर मिटेलहोल्झर यांनी १९१९ मध्ये माँ ब्लाँच्या हिमनद्यांचे विमानातून फोटो काढले होते. १०० वर्षांनी, २०१९ मध्ये, डंडी विद्यापीठाचे कीरन बॅक्स्टर यांनी शिखरं आणि सुळके एकमेकांपुढे कसे येतात यावरून विमानाची तेव्हाची जागा काढली आणि हेलिकॉप्टरनं तिथे जाऊन तेच फोटो पुन्हा घेतले. आकाशातली जागा जर सापडते, तर तुमच्या कॅम्प २ ची का सापडू नये?

पण काही जागा खरंच उरलेल्या नाहीत. जुन्या मंडळींनी कितीतरी फोटो हिमनदीच्या पाठीवर उभं राहून काढले. बर्फ खचला, आणि त्यांची ती जागा आज हवेत आहे. खाली उभं राहून मान वर करायची आणि मनात म्हणायचं, तिपाई तिथे होती, माझ्या डोक्यावर कितीतरी मीटर. एव्हरेस्टच्या उत्तरेच्या रोंगबुक हिमनदीचा ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी यांनी १९२१ मध्ये काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. बर्फाच्या उंच पांढऱ्या सुळक्यांचा एक ताफाच दरीतून खाली उतरतोय. अमेरिकन गिर्यारोहक डेव्हिड ब्रेशर्स २००७ मध्ये तीच जागा शोधून उभे राहिले तेव्हा बर्फाची पातळी सुमारे १०० मीटर खाली गेली होती. मॅलरी बर्फावर उभे न राहता कडेच्या उंचवट्यावर चढले होते, म्हणून ती जागा सापडली. तुम्हीही शक्यतो तसंच करा. पाय पक्क्या कातळावर हवेत. हिमनदीनं कडेला रचलेल्या दगडमातीच्या बांधाला, म्हणजे मोरेनला, तर मुळीच भरवशाचं समजू नका. त्याच्या पोटात पुष्कळदा बर्फ असतो. तो वितळला की बांध बसतो आणि तुमची जागा त्याच्याबरोबर खाली जाते.

आता बर्फाकडे वळू. ‘हिमनदी किती मागे गेली?’ हा तुमचा नेहमीचा प्रश्न, आणि तो अर्धवट आहे. मागे जातं ते मुख. पण हिमालयातल्या कितीतरी मोठ्या हिमनद्यांचा खालचा भाग दगडगोट्यांखाली गाडलेला असतो. असा राडारोडा पातळ असेल तर ऊन शोषून खालचा बर्फ लवकर वितळवतो. काही सेंटीमीटरच्या वर जाड झाला की उलट पांघरुणासारखं काम करतो. त्यामुळे मुखाजवळ जिथे थर सगळ्यात जाड, तिथे हिमनदी वर्षानुवर्षं जागच्या जागी दिसते आणि तिचं पोट मात्र वरच्या अंगाला खपाटीला जात असतं. मुखापाशी खडू मारून मोजणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. समोरच्या कातळावरून पृष्ठभागाचा फोटो घेणाऱ्याला ते खपाटीला गेलेलं पोट दिसतं.

आणि ते दिसायला शिकावं लागतं. दरीच्या भिंतीकडे बघा. एका रेषेच्या वर खडक काळपट, दगडफुलानं भरलेला. खाली फिकट, नुकताच घासून काढल्यासारखा. त्या रेषेपर्यंत एके काळी बर्फ होता. जुना फोटो हाती असेल तर कधीपर्यंत होता तेही सांगता येतं. राडारोड्यात मधूनच बर्फाचे उघडे कडे दिसतात, आणि कड्यांच्या पायथ्याशी हिरवट पाण्याची डबकी. वितळण्याचा जोर याच ठिकाणी असतो. नेपाळच्या लांगटांग खोऱ्यातल्या लिरुंग हिमनदीवर २०१३ च्या मे आणि ऑक्टोबरमध्ये ड्रोन उडवून दोन वेळचे पृष्ठभाग ताडून पाहिले गेले, तेव्हा हेच दिसलं. बाकी पृष्ठभाग हळूहळू बसत होता, आणि कडे व डबकी असलेल्या जागी बर्फ भराभर जात होता. मधे गेलेले महिने किती, तर पाच.

डबकी मोठी होतात, एकमेकांत मिसळतात. स्विस हिमनदी-अभ्यासक फ्रिट्झ म्यूलर यांनी १९५६ मध्ये नेपाळच्या एव्हरेस्टजवळच्या खुंबू भागात राहून हिमनद्यांचे फोटो काढले. इम्जा हिमनदीवर तेव्हा मोजकी डबकी होती. अमेरिकन भूगोल-अभ्यासक ॲल्टन बायर्स २००७ मध्ये ते फोटो घेऊन त्या जागांवर गेले तेव्हा तिथे सरोवर होतं, आणि पुढे त्याची लांबी सुमारे २ किलोमीटर झाली. खालच्या गावांना पुराचा धोका नको म्हणून २०१६ मध्ये त्याचं पाणी ३.४ मीटरनं उतरवावं लागलं. म्यूलर सरोवराचा अभ्यास करायला गेलेच नव्हते. सरोवरच नव्हतं!

हाच मुद्दा मला तुमच्या गळी उतरवायचा आहे. आपला फोटो पुढे कशाला उपयोगी पडेल हे काढणाऱ्याला कधीच माहीत नसतं. स्वित्झर्लंडमध्ये पहिल्या महायुद्धापासून दुसऱ्याच्या नंतरपर्यंत नकाशे करणारे सर्वेक्षक डोंगरांवर चढून काचेच्या प्लेटांवर फोटो घेत होते. त्यांना हवे होते नकाशे. हवामानबदल मोजायला ते निघाले नव्हते. नकाशे झाले, प्लेटा संग्रहात गेल्या. २०२२ मध्ये संशोधकांनी १९१६ ते १९४७ या काळातले त्यातले सुमारे २१,७०० फोटो घेऊन संगणकावर त्या काळच्या बर्फाचे पृष्ठभाग उभे केले आणि ते आजच्या पृष्ठभागांशी ताडले. उत्तर निघालं : १९३१ ते २०१६ या काळात स्विस हिमनद्यांचं निम्मं आकारमान गेलं. हे जमलं ते फोटो चांगले होते म्हणून, हे खरंच. पण त्याहून जास्त त्या सर्वेक्षकांनी प्रत्येक प्लेट कुठून, कुठल्या दिशेनं आणि केव्हा घेतली हे लिहून ठेवलं होतं म्हणून. माझ्या डब्यातल्या ‘अप्रतिम!’ची आणि त्या प्लेटांची चित्र म्हणून तुलना केलीत तर ‘अप्रतिम!’ जिंकेल.

फोटोवरून बर्फ मोजण्याची ही विद्या तशी नवी नाही. सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर नावाचे बव्हेरियन गणिती १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रियातल्या फेर्नाग्ट हिमनदीवर गेले आणि दोन-दोन ठिकाणांहून घेतलेल्या फोटोंवरून त्यांनी तिचा नकाशा तयार केला. मूळ तत्त्व आपल्या दोन डोळ्यांचं : एकच वस्तू दोन जागांवरून किती सरकलेली दिसते यावरून ती किती दूर आहे ते ठरतं. आज पंधरा-वीस फोटो एकमेकांवर चढतील असे घेतले की संगणक तेच काम करतो आणि पृष्ठभागाचा त्रिमितीय साचा हातात देतो. फिन्स्टरवाल्डर यांना जे कागदावर महिने घालून करावं लागलं ते तुम्ही मुक्कामाला पोचल्यावर चहा होईपर्यंत सुरू करून ठेवू शकता. मात्र साच्याला मापं देण्यासाठी न हलणारे खडक फोटोत हवेत. नुसताच बर्फ असलेला फोटो म्हणजे पट्टी न ठेवता काढलेला मापाचा फोटो.

आता एक प्रश्न तुम्ही विचारणारच, आणि तो रास्त आहे : उपग्रह असताना ही पायपीट कशाला? उपग्रहांना नावं ठेवायचं मला कारण नाही. हिमालयातल्या ६५० मोठ्या हिमनद्यांवर २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या अमेरिकन हेर-उपग्रहांची छायाचित्रं नव्या उपग्रहचित्रांशी ताडून त्यात दिसलं की २००० नंतर बर्फ घटण्याचा वेग आधीच्या २५ वर्षांच्या दुप्पट झाला. पायी फिरणाऱ्या हजार माणसांनाही हे जमलं नसतं. पण अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह उडाला १९७२ मध्ये, आणि त्याच्या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवर सुमारे ८० मीटर. हेर-उपग्रह धरले तरी १९६० च्या मागे जाता येत नाही. त्याआधीचं जग, विमानातले फोटो सोडले तर, माणसांनी खांद्यावरून वाहून नेलेल्या कॅमेऱ्यांत आहे : इटालियन छायाचित्रकार व्हिट्टोरिओ सेला यांच्या १९०९ च्या, काराकोरममधल्या बाल्टोरो हिमनदीच्या प्लेटांत, ब्रिटिश छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न यांनी १८६६ मध्ये गोमुखाला नेलेल्या कॅमेऱ्यात. शिवाय उपग्रह वरून बघतो. उभा बर्फकडा त्याला एक रेघ दिसते. समोर उभ्या असलेल्या तुम्हाला त्याचे थर, त्यातली राखाडी धूळ, पायथ्याशी पोखरून काढलेली कपार, सगळं दिसतं.

ज्या संस्थांना जास्त काही करायचं असेल त्यांच्यासाठी कायम बसवलेल्या कॅमेऱ्याचा पर्याय आहे. अमेरिकन छायाचित्रकार जेम्स बॅलॉग यांनी २००७ मध्ये ‘एक्स्ट्रीम आइस सर्व्हे’ सुरू केला तो असाच. खडकाला जखडलेले कॅमेरे ठरावीक वेळेला आपोआप फोटो घेत राहतात. वर सांगितलेल्याच कॅमेऱ्याचा हिशेब पुढे नेतो. एक किलोमीटरवरच्या बर्फावर एक पिक्सेल म्हणजे २५ सेंटीमीटर. हिमनदी दिवसाला दहा सेंटीमीटर आडवी सरकत असेल तर अडीच दिवसांत एक भेग फोटोत एक पिक्सेल पुढे जाते. म्हणजे बर्फ वाहताना दिसतो. पण वाऱ्यानं कॅमेरा अंशाच्या शंभराव्या भागाइतका कलला, तरी तिथे १७ सेंटीमीटरची खोटी चाल नोंदली जाते. म्हणून इथेही चौकटीत न हलणारा कातळ हवाच. बर्फाचा फोटो काढायला जाताना अर्धी चौकट दगडाला द्या, असं मी सांगतो तेव्हा हौशी मंडळी नाक मुरडतात. मुरडू देत.

थोडं कडू बोलतो, कारण आपल्याच लोकांशी बोलतोय. आपल्यापैकी काही जण ‘तेव्हा आणि आता’ अशा जोड्या मोठ्या आवेशानं पसरवतात आणि त्यातल्या बऱ्याच जोड्या जोड्या नसतातच. एक फोटो मार्चचा, ताज्या बर्फात सगळं पांढरंशुभ्र. दुसरा सप्टेंबरचा, उघडा, काळवंडलेला. ही ऋतूंची तुलना झाली. हिमनदीचा पृष्ठभाग खरा दिसतो तो वितळण्याचा हंगाम संपत आला आणि नवा बर्फ पडला नाही अशा थोड्या दिवसांत. दोन्ही फोटो त्याच दिवसांतले हवेत, आणि शक्यतो दिवसाच्या त्याच वेळेचे. सावली सरकली की खळगा उंचवटा वाटायला लागतो. एकदा तर मी जुनी प्लेट उलटी छापलेली आहे हे न कळून दोन दिवस दरीच्या चुकीच्या बाजूला चढत होतो. त्यामुळे चुकणाऱ्यांवर हसायचा अधिकार मला नाही, पण पसरवण्याआधी तपासा एवढं सांगायचा आहे.

दुसरं, दोन फोटो म्हणजे दोनच क्षण. आल्प्समधल्या पुष्कळ हिमनद्या १९७० च्या दशकात आणि १९८० च्या सुरुवातीला पुढे सरकल्या होत्या. १९१० आणि २०२० चे फोटो शेजारी ठेवलेत तर हे पुढे येणं अदृश्य होतं आणि बघणाऱ्याला वाटतं, बर्फ सरळ रेषेत संपत गेला. म्युइरसारख्या समुद्रात तोंड असलेल्या हिमनद्यांची तर चालच निराळी. मुखापुढचा उथळ आधार सुटला की त्या खोल पाण्यातून झपाट्यानं मागे पळतात; तो सगळा वेग एकट्या तापमानाच्या नावावर मांडता येत नाही. आणि काराकोरममध्ये कित्येक हिमनद्या बऱ्याच काळ जवळपास टिकून राहिल्या, काही तर एकाएकी उसळी घेऊन पुढे आल्या. सेला यांच्या बाल्टोरोच्या जागांवर १०० वर्षांनी, २००९ मध्ये, इटलीचे छायाचित्रकार फाबियानो व्हेन्तुरा गेले तेव्हा मुख्य हिमनदीत बदल थोडाच दिसला. असा फोटो कुणी पुढे पाठवत नाही. त्याला हळहळणारे प्रतिसाद मिळत नाहीत. मला मात्र तोही तेवढाच हवा. न बदललेल्या हिमनदीचे फोटो तुम्ही गाळलेत तर बदललेल्यांबद्दल मी जे सांगतो त्यावर उद्या कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि तो दोष माझ्या माथी येईल.

तर मागणं काय? मोहिमेच्या दिवसातली पंधरा मिनिटं. शिखर सर झाल्याचा, झेंड्याचा, दोन बोटांचा फोटो खुशाल काढा. त्यानंतर (किंवा आधी, तुम्ही दमण्याआधी) एखाद्या पक्क्या कातळावर उभे राहा. फोन आडवा धरा, झूम नको, आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत एकमेकांवर थोडे चढतील असे पाच-सहा फोटो घ्या. समोरची भिंत, मागची शिखरं आणि पायाजवळचा थोडा खडक सगळं येऊ द्या. माणसं बाजूला. फोनमध्ये फोटो ‘सुंदर’ करणारी जी काही सोय असेल ती बंद करा, कारण दगडांचा पोत गुळगुळीत करणारं किंवा नसलेली धार उमटवणारं यंत्र मापनाच्या कामाचं नाही. घरी आल्यावर मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. निरोपांच्या ॲपवरून पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, आणि त्यातली तारीख आणि जीपीएसची नोंद बहुतेक वेळा वाटेतच गळून पडते. फोनच्या जीपीएसवरही डोळे झाकून विसंबू नका. अरुंद दरीत तो कितीतरी मीटर चुकतो. म्हणून वहीत दोन ओळी लिहा : हिमनदीचं नाव, तारीख, वेळ, साधारण उंची, आणि ‘मोठ्या तांबूस कातळाच्या वरच्या टोकाला, डावीकडे झरा’ असं काहीतरी, जे पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला समजेल. कातळावर रंग मारू नका. वर्णन पुरतं.

कार्यकारिणींना वेगळं सांगणं आहे. तुमच्या कपाटात अशा डब्यांची चळत असणार. ती उघडा. ज्यांनी त्या मोहिमा केल्या ते ज्येष्ठ आज तुमच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसतात. त्यांना हारतुरे देऊन झाले की स्लाइड पडद्यावर लावा आणि विचारा, ‘काका, हे कुठून काढलंत? कुठल्या साली?’ बाळ्या चहा कुठे करत होता हे बाळ्याला नक्की आठवत असेल. ते उत्तर लगेच लिहून काढा. स्कॅनिंग पुढच्या वर्षी झालं तरी चालेल, ही विचारपूस पुढच्या वर्षी होईलच असं नाही. आणि मोहिमेला परवानगी किंवा निधी देताना, परत आल्यावर निदान एका जुन्या जागेवरचा पुन्हा काढलेला फोटो आणि एका नव्या जागेची नोंद द्यावी, अशी अट घालता आली तर पाहा. जुना फोटो शोधून द्यायचं काम माझ्यासारख्यांकडे द्या; आम्ही तयार आहोत.

एवढं करताना कुणी जीव धोक्यात घालू नये. मोरेनचा आतला उतार बर्फ खचल्यामुळे उभा आणि पोकळ झालेला असतो. नेमकी जागा गाठायच्या नादात त्याच्या काठावर जाऊ नका. दहा मीटर मागून काढलेला फोटो, ‘मूळ जागा दरडीत गेली, दहा मीटर मागून’ अशी नोंद असेल तर उत्तम चालतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
जुन्या फोटोंच्या जागा शोधणारा एक पायपीट्या

ता. क. : शेवटचा फोटो घेऊन झाला की कॅमेरा खाली वळवून स्वतःच्या बुटांचा एक फोटो काढा, आणि चार पावलं मागे जाऊन त्या कातळाचाही एक. जुन्या जागा शोधताना अखेरच्या मीटरभरात मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि तिथे डोंगर काही मदत करत नाहीत. पायाखालच्या दगडातली एखादी पांढरी शीर करते.